मोतीलालची मांडेवाली

अमळनेरचा सुकदेव आचारी सहा फूट उंच होता. दंड मुसळासारखे, मिशा भरघोस, आणि आवाज असा की मांडवाच्या एका टोकाला उभा राहून त्याने "बट्टी फिरवा रे!" म्हटलं की दुसऱ्या टोकाला जेवणाऱ्याचा घास हातात थांबायचा. लग्नसराईत पंचक्रोशीतली माणसं त्याच्या तारखा बघून मुहूर्त काढत. वरण-बट्टी, वांग्याची घोटलेली भाजी आणि गंगाफळ म्हणजे लाल भोपळा, या तीन गोष्टींत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता.

अशा माणसाच्या घरी, पुढच्या खोलीत, एक काचेचं कपाट होतं आणि त्यात रबरी बाहुल्या मांडलेल्या होत्या. नवीन माणूस घरात आला की विचारायचा, "नातवंडांच्या का?" सुकदेव म्हणायचा, "माझ्या." मग पाहुणा हसावं की नाही या विचारात पडायचा, आणि सुकदेव तोवर कपाटाची कडी काढून एकेक बाहुली त्याच्या तळहातावर ठेवायला लागलेला असायचा.

हे सुरू झालं चौऱ्याऐंशी साली. धुळ्याला एका लग्नाचं काम होतं. पातेल्यांना कल्हई करून घ्यायला तो सहाव्या गल्लीत गेला. कल्हईवाल्याच्या शेजारी पत्र्याची शेड होती. दाराशी जळक्या प्लास्टिकचा वास येत होता. आत एक किडकिडीत माणूस भट्टीतून काळा साचा बाहेर काढून, त्याच्या तोंडात चिमटा घालून काहीतरी ओढत होता. ओढता ओढता फट्‍ असा आवाज झाला आणि साच्यातून एक अख्खा म्हातारा बाहेर आला. वीतभर उंचीचा, मऊ, वाफाळलेला.

तो माणूस मोतीलाल. मुंबईला खेळण्यांच्या कारखान्यात त्याची बारा-पंधरा वर्षं गेली होती. तिथे तो गुबगुबीत गालांच्या, निळ्या डोळ्यांच्या बाहुल्या काढायचा. आईचं दुखणं निघालं म्हणून धुळ्याला परत आला, आणि येताना तेवढं एक कसब घेऊन आला. आधी मेणाचं माणूस करायचं, त्यावरून धातूचा साचा पाडून घ्यायचा, साच्यात प्लास्टिकची दाट पेस्ट ओतून भट्टीत धरायची, आणि गरम आहे तोवरच ओढून काढायची. मग रंगवायची. लोक त्याला रबर म्हणत. मोतीलाल आधी सांगायचा की हे रबर नाही, मग सांगायचं सोडून दिलं.

पण धुळ्यात आल्यावर त्याने निळ्या डोळ्यांची एकही बाहुली केली नाही. रस्त्यावर जे दिसेल ते करायचा. त्या दिवशी साच्यातून निघालेला म्हातारा एसटी स्टँडवर पिशवीला डोकं टेकून झोपला होता. कानात तिकीट खोचलेलं होतं. तोंड अर्धवट उघडं होतं.

सुकदेव बघतच राहिला, आणि मग एवढ्या मोठ्याने हसला की शेजारचा कल्हईवाला बाहेर आला. "अरे, याला मी ओळखतो!" सुकदेव म्हणाला.

"कोण आहे?" मोतीलालने विचारलं.

"नाव नाही माहीत. पण पारोळ्याच्या स्टँडवर दरवेळी असतो."

मोतीलाल खूश झाला. मुलं खेळणी घेऊन जात, त्यांचे आईबाप घासाघीस करत, पण बाहुली ओळखणारा माणूस त्याला तोवर भेटला नव्हता. सुकदेवने तो म्हातारा घेतला, धोतराच्या सोग्यात गुंडाळला आणि अमळनेरला आणला.

पुढे त्याला कळलं की मोतीलाल वर्षाला दोनच नव्या बाहुल्या काढतो. एक चैत्रात, एकवीरा देवीच्या जत्रेला. दुसरी दिवाळीच्या आसपास. साच्याला लागणारा धातू महाग, त्यामुळे जुना साचा वितळवूनच नवा व्हायचा. म्हणजे एकदा नवी बाहुली आली की जुनी परत कधी निघणार नाही. जी हाताला लागली ती आपली, जी चुकली ती चुकली. हे ऐकलं आणि सुकदेवच्या जिवाला घोर लागला. जत्रेच्या आधी महिनाभर तो धुळ्याहून येणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या ड्रायव्हरला विचारायचा, "सहाव्या गल्लीत काय चाललंय? मोतीलालने मेण लावलं का?" ड्रायव्हरला काय कळणार? तो म्हणायचा, "धूर निघत होता, आचारी." तेवढ्यावर सुकदेवची झोप उडायची.

कपाट हळूहळू भरलं. घंटीची दोरी हातात धरून शिंकणारा कंडक्टर आला. ओटीत कापूस भरून पोट पुढे आलेली बाई आली. केळीचा घड खांद्यावर घेतलेला आणि दुसऱ्या हाताने पाठ खाजवणारा गडी आला. प्रत्येकात काहीतरी असं असायचं की ते आपण हजारदा पाहिलेलं आहे, पण कोणी दाखवेपर्यंत लक्षात आलेलं नाही.

असा वेडा सुकदेव एकटाच नव्हता. जत्रेच्या सकाळी शेडच्या दाराशी आणखी एक गृहस्थ हजर असत. पांढरंशुभ्र धोतर, काळी टोपी, हातात छत्री. हे फैजपूरचे गिरधर नाना. पन्नास एकराची केळी मुलांच्या हाती देऊन मोकळे झालेले. पहिल्या वर्षी दोघांनी एकमेकांकडे संशयाने पाहिलं. दुसऱ्या वर्षी नानांनी विचारलं, "तुमच्या केळीवाल्याचा फेटा कोन्त्या रंगाचा हाये?"

"पांढरा."

"माह्याचा लाल."

सुकदेवचा चेहरा पडला. त्याला वाटलं सगळे फेटे पांढरेच असतील. मोतीलालला विचारलं तर तो म्हणाला, "शेवटी शेवटी लाल संपला, म्हणून पांढरे ठेवले." म्हणजे लाल आधीचे. सुकदेवने नानांना अदलाबदलीची गळ घातली. नाना म्हणाले, "लाल माह्यापाशीच राहू द्या. बाकी काही मांगा." त्यावरून दोघांची अशी जुंपली की मोतीलालला मध्ये पडून चहा मागवावा लागला. त्या चहापासून त्यांची दोस्ती झाली.

सुकदेवची बायको तानुबाई. दोघांना दोन मुली, दोन्ही सासरी सुखाने नांदत होत्या. तानुबाई बुटकी, सावळी, कमी बोलणारी. नवऱ्याच्या कपाटाला तिने कधी हात लावला नाही. झाडताना कपाटाच्या पुढून झाडू फिरवायची आणि पुढे जायची. शेजारणी चिडवायला लागल्या की म्हणायची, "बाकीनासना नवरा पत्ता खेळतस. मना बाहुल्या खेळस. घरमा तरी ऱ्हास."

तिचं स्वतःचं नाव होतं ते मांड्यांसाठी. खापरावरचे मांडे सगळ्यांनाच येत नाहीत. पुरण भरलेला सैल उंडा दोन्ही हातांवर घेऊन फिरवत फिरवत एवढा मोठा करायचा की तो कोपरापर्यंत लोंबायला लागतो, आणि मग उलट्या ठेवलेल्या तापल्या खापरावर एका झटक्यात टाकायचा. हात जरा अडखळला की मांडा फाटलाच. तानुबाईचा फाटत नसे. ज्या लग्नात सुकदेवची भट्टी, त्याच लग्नात मांडवाच्या मागच्या बाजूला तानुबाईची चूल. सकाळपासून बसायची ती शेवटची पंगत उठेपर्यंत. वीस-बावीस वर्षं दोघं एकाच मांडवात काम करत होती, तो पुढे आणि ती मागे.

अठ्ठ्याऐंशीच्या थंडीत धुळ्याला एक लग्न झालं. मोतीलालच्या शेजाऱ्यांचंच. मोतीलाल सकाळीच येऊन तानुबाईच्या चुलीपासून थोड्या अंतरावर, एका उलट्या बादलीवर बसला. तिला वाटलं याला भूक लागली आहे. तिने ताटात मांडा आणि तूप घालून पाठवलं. त्याने खाल्लं आणि तिथेच बसून राहिला. थोड्या वेळाने तिने आणखी एक पाठवला. तोही त्याने संपवला. घरी आल्यावर ती सुकदेवला म्हणाली, "तुमना तो बाहुलीवाला भलता खादाड शे."

पुढच्या चैत्रात नेमकं जत्रेच्या दिवशीच सुकदेवला पारोळ्याला लग्न होतं. शब्द दिलेला होता. त्याने दिवसभर काम केलं, पण लक्ष सगळं धुळ्यात. बट्ट्या तळताना त्याने दोनदा हात भाजून घेतला. नंतर भांडी घासून, सामान पोचवून तो धुळ्याला गेला तोवर जत्रेचे पाळणे उतरवायला सुरुवात झाली होती.

शेडमध्ये मोतीलाल साचा फोडत बसला होता.

"बठ्ठ्या गयात, सुकदेवभाऊ, एकही उरली नाही," तो म्हणाला. "या खेपेला निघाल्याच थोड्या. बाहेर ओढताना बाहुलीचे हात फाटायचे. दोन काढल्या की एक वाया. तू नेहमीसारखा सकाळीच येशील म्हणून मी ठेवली नाही बघ."

"काय होतं?"

मोतीलालने त्याच्याकडे चमकून पाहिलं. "तुला कोणी सांगितलं नाही? मांडेवाली होती. अरे, तुझी बाई!"

सुकदेव तिथल्या एका उलट्या बादलीवर बसला. मग त्याने विचारलं, "एकही नाही? फाटकी?"

"फाटक्या वितळवून टाकल्या."

सुकदेवने त्या आठवड्यात धुळं पालथं घातलं. एक बाहुली कापडवाल्यांच्या घरी होती, तिच्यावरून सायकल गेली होती आणि ती कचऱ्यात गेली होती. दुसरी पाहुण्यांबरोबर नंदुरबारला गेली, तिकडे कोणाकडे ते कोणाला सांगता येईना. शेवटी मोतीलाल म्हणाला, "फैजपूरच्या नानांकडे एक आहे. त्यांनी निवडून सगळ्यात चांगली नेली."

सुकदेवने घरी सांगितलं की फैजपूरला एका लग्नाची बोलणी करायची आहेत. कपाटातून त्याने एसटी स्टँडवरचा म्हातारा काढला आणि धोतराच्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवला. नानांकडे नसलेल्या बाहुल्यांत ही सगळ्यात जुनी होती. नाना तिच्याकडे किती दिवस डोळा लावून होते. गाडीने तो भुसावळला उतरला आणि तिथून यावलवरून एसटीने फैजपूरला गेला. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा होत्या आणि खिडकीतून ओला गारवा येत होता. वाटेत त्याने मनात सगळं बोलणं जुळवून ठेवलं. नानांना काय म्हणायचं, ते नाही म्हणाले तर आणखी काय द्यायचं, कंडक्टर द्यायचा की कापूसवाली.

नानांच्या ओसरीवर खाट होती. खाटेवर नानांची बायको इंदिराबाई उशांना टेकून बसली होती. संक्रांतीनंतर तिच्यावरून वारं गेलं होतं. उजवा हात आणि पाय गेला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, बोलणं जवळजवळ थांबलं. नानांनी जत्रेत मोतीलालला हे सांगितलं नव्हतं. सुकदेवला दारात पाहून ते उठून उभे राहिले. "या, या आचारी! कसे काय वाट चुकले?"

सुकदेव उत्तर देणार तोच त्याला दिसलं. इंदिराबाईच्या डाव्या हातात ती बाहुली होती.

पुढे वाकलेली, हिरव्या लुगड्यातली बाई. दोन्ही हात पसरलेले, त्यांच्यावर पातळ मांडा लोंबतोय. इंदिराबाईचा अंगठा त्या बाहुलीच्या पाठीवरून खालीवर फिरत होता. रंग तेवढ्या जागेवर पुसट झाला होता.

"ते तिच्यापासून सुटतच नाही," नाना हळू आवाजात म्हणाले. "आमच्या गल्लीत मांडे करावे तर हिनेच. आता हात गेला. जेवण तोडलं होतं हिनं, आचारी. मी कपाटात ठेवायले ते बाहुली आणली, तर हिनं हात पुढे केला. तेव्हापासून हातात घेऊन बसते अन् दोन घास खाते. रात्री उशाशी लागते."

सुकदेवने चहा घेतला. केळीच्या भावाबद्दल विचारलं. नानांचं लक्ष पिशवीकडे गेलं. "काय आणलं त्याच्यात?"

सुकदेवने फडकं सोडून म्हातारा काढला. नानांचे डोळे लकाकले.

"तुमच्यासाठी आणला," सुकदेव म्हणाला. "ठेवा."

"बदल्यात काय पायजे?"

"काही नको. वहिनींना दाखवा. हसतील."

आणि शेवटच्या गाडीचं निमित्त सांगून तो निघाला.

तो घरी आला तेव्हा तानुबाई गहू निवडत होती. रिकामी पिशवी तिने पाहिली. "लगीन ठरनं का?" तिने विचारलं. सुकदेवला खोटं बोलायची सवय नव्हती आणि तेवढं त्राणही नव्हतं. तो भिंतीला टेकून बसला आणि त्याने सगळं सांगितलं. मोतीलालची बादली, मांडेवाली, सायकलखाली गेलेली एक, नंदुरबारला गेलेली एक, आणि खाटेवरची इंदिराबाई.

तानुबाईने सूप खाली ठेवलं. "माले इचारं नही त्यानी," ती म्हणाली. तिचा आवाज चढला. "दोन मांडा खाई गया आनि मनी बाहुली करी लिधी! जत्रामा इकी! लोके मना हात धरीसन घर लई गयात!" बराच वेळ ती बोलत होती. वर्षभराचं बोलणं तिने एका दमात काढलं असेल. सुकदेवने मान खाली घालून ऐकून घेतलं.

मग ती थांबली. सूप परत मांडीवर घेतलं. दोन खडे काढून बाजूला टाकले.

"कशी दिखस ती?" तिने विचारलं.

सुकदेवने सांगायला सुरुवात केली. हिरवं लुगडं. पदर कमरेला खोचलेला. कपाळावर घाम, नाकाच्या शेंड्यावर पीठ. पाठ पुढे वाकलेली. उजवा पाय दुमडून खाली घेतलेला, आणि डावा बाहेर, लांब केलेला. "डावा गुडघा दुमडत नाही ना," तो म्हणाला, "म्हणून पाय तसा बाहेर काढून बसायचं."

"हाई त्यानी देखं?"

"हो."

"आनि तुमीन देखेल व्हतं का?"

सुकदेवला कंडक्टरच्या कोटाचं कुठलं बटण तुटलेलं आहे ते डोळे मिटून सांगता येत होतं. तानुबाई कशी बसते हे मात्र त्याने बाहुलीतच पहिल्यांदा पाहिलं होतं. तानुबाई उठली. निवडलेले गहू डब्यात भरले आणि चूल पेटवायला गेली.

तीन-चार दिवस गेले. एका सकाळी सुकदेव अंघोळ करून बाहेर आला तर तानुबाई जुन्या गोधडीत खापर गुंडाळत होती.

"कोठे?" त्याने विचारलं.

"फैजपूर. माले ली चला. त्या अक्काले मांडा खावाडाना शेतस."

भुसावळपर्यंत ती खापर मांडीवर घेऊन बसली. फळीवर ठेवू दिलं नाही. एसटीत कंडक्टर म्हणाला, "मावशी, काय आहे ते, वर ठेवा," तर तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने दुसरीकडे तिकीट फाडायला सुरुवात केली.

नानांना कळेना की हे परत का आले. तानुबाईने ओसरीवर पाऊल ठेवलं, इंदिराबाईच्या पायांना हात लावला आणि नानांच्या सुनेला पुरण शिजवायला सांगितलं. परक्या घरात ती कधी इतकी बोलली नव्हती. अंगणात तीन दगड मांडून तिने चूल केली आणि खापर चढवलं. खाट उचलून अंगणात, सावलीत आणली. मग ती बसली. उजवा पाय दुमडला, डावा बाहेर काढला, पदर खोचला आणि पहिला उंडा हातावर घेतला.

इंदिराबाई आधी नुसतीच बघत होती. मांडा फिरायला लागला, मोठा झाला, कोपराशी आला. इंदिराबाईने हातातल्या बाहुलीकडे पाहिलं. मग तानुबाईकडे. परत बाहुलीकडे. तिचा चेहरा एका बाजूने हसायला लागला. दुसरी बाजू हलत नव्हती, पण हसू सगळीकडे पसरलं होतं.

"हे... तेच... हाये!" ती म्हणाली. शब्द जड होते, तरी सगळ्यांना कळले. नाना पुढे आले, त्यांनी बाहुली बघितली, तानुबाईला बघितलं, आणि मग सुकदेवकडे वळून म्हणाले, "अरे माणसा! मागच्या खेपेले बोलला का नाही?"

सुकदेव चुलीत लाकडं सारत होता. तो म्हणाला, "धूर होतोय, नाना, जरा मागे सरका."

तीन-चार मांडे झाल्यावर इंदिराबाईने बाहुली मांडीवर ठेवली आणि डावा हात पुढे केला, तळवा वर करून. सुनेला वाटलं तिला पाणी हवंय. तानुबाईला बरोबर कळलं. ती एक लहानसा उंडा घेऊन खाटेशी गेली, खाटेच्या कडेवर बसली आणि उंड्याची एक बाजू इंदिराबाईच्या डाव्या हातावर ठेवली. दुसरी बाजू आपल्या उजव्या हातावर घेतली. "चाला अक्का," ती म्हणाली. "हळूहळू."

एक हात एकीचा आणि एक हात दुसरीचा, असा तो मांडा फिरायला लागला. पहिल्यांदा मधोमध फाटला. तानुबाईने चिमटीने सांधला. परत फिरला, वेडावाकडा झाला, एका बाजूने जाड राहिला. इंदिराबाईच्या बोटांना अजून सगळं आठवत होतं, कधी ढील द्यायची, कधी उचलायचं. दोघींनी मिळून तो खापरापर्यंत काही नेला नाही, तेवढं तानुबाईने केलं. भाजून झाल्यावर त्याच मांड्याचा अर्धा भाग इंदिराबाईने खाल्ला, तुपात बुडवून, कोणी न भरवता. नाना उठून घरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

निघताना इंदिराबाईने बाहुली तानुबाईपुढे धरली. घे, अशी मान हलवली. सुकदेव एक पाऊल पुढे आला. तानुबाईने बाहुली घेतली. उलटी करून पाहिली, पाठ पाहिली, लांब केलेला पाय पाहिला, नाकावरच्या पिठावरून बोट फिरवलं. आणि परत इंदिराबाईच्या हातात ठेवून तिची बोटं वरून मिटली.

"ऱ्हाऊ द्या, अक्का. मना घर आरसा शे."

परतीच्या गाडीत ती खिडकीशी बसली होती. जळगाव गेलं. गिरणेचा पूल गेला. मग तिने विचारलं, "मनी पाठ इतली वाकेल शे का?"

"हो," सुकदेव म्हणाला.

पुढच्या लग्नाआधी त्याने विटा आणि माती आणून परसात कमरेएवढी उंच चूल बांधून पाहिली. पहिल्यांदा ती ढासळली. दुसऱ्यांदा धूर सगळा तोंडावर यायला लागला. तिसऱ्यांदा जमली. मग लोखंडाच्या पट्ट्यांची एक तिवई करून घेतली, म्हणजे ती गाडीत घालून कुठेही नेता येईल. उभ्याने मांडे करायचे म्हटल्यावर गावोगावच्या बायकांनी नाकं मुरडली. तानुबाईलाही पहिल्या दिवशी ते जमेना. तिचे दोन मांडे फाटले आणि ती तिवईवर लाथ मारायच्या बेतात होती. पण दुपारपर्यंत हात बसला. संध्याकाळी ती सरळ चालत एसटीपर्यंत आली, आणि त्या दिवसभरात सुकदेवने वीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःची भट्टी मधेच सोडून, मांडवाच्या मागे जाऊन तिला काही लागतंय का ते चार वेळा विचारलं. चौथ्यांदा तिने त्याला हाकलून दिलं.

इंदिराबाई त्यानंतर दोन वर्षं होती. तानुबाई मधूनमधून तिला भेटून यायची, एकटीसुद्धा. ती गेल्यावरही बाहुली नानांकडेच राहिली आणि सुकदेवने ती कधी मागितली नाही. तो फैजपूरला गेला की नानांच्या कपाटात तिला बघून यायचा.

मोतीलालची मात्र सुटका झाली नाही. मांडेवालीच्याच वर्षी, दिवाळीत, तानुबाई सुकदेवबरोबर धुळ्याला शेडवर आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "इचारान नही का?" मोतीलाल हातातला ब्रश घेऊन उभा राहिला. तो कान पकडून म्हणाला, "चुकलं, वहिनी. विचारलं असतं तर तुम्ही सावरून बसल्या असत्या." तानुबाईने यावर थोडा विचार केला. मग आत येऊन, सुकायला ठेवलेल्या बाहुल्या एकेक करून बघायला लागली. एका गवळ्याच्या मिशीचा रंग गालावर उतरला होता. तो तिने मोतीलालला दाखवला. दुसऱ्या एकाच्या घड्याचं तोंड वाकडं होतं, तेही दाखवलं. मोतीलाल तिच्यामागून फिरत "हो वहिनी, हो वहिनी" करत होता.

एक्याण्णवच्या चैत्रात जत्रेच्या सकाळी तिघं शेडच्या दाराशी होती. छत्री घेतलेले नाना, सुकदेव, आणि सगळ्यांच्या पुढे तानुबाई. मोतीलालने फळ्या काढल्या. या खेपेला जत्रेत एक चप्पल हरवलेली बाई होती. एका पायात चप्पल, दुसरा पाय उचललेला, कमरेवर हात, आणि चेहऱ्यावर असा राग की चप्पल चोरणाऱ्याची धडगत नाही. तानुबाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. तिला हसू आवरेना. सुकदेवने रांगेतल्या सगळ्या पारखून एक निवडली, फडक्यात गुंडाळली आणि निघायला वळला. तर तानुबाई अजून आतच होती. तिने कनवटीचे पैसे काढून मोतीलालच्या हातावर ठेवले आणि दुसरी एक बाहुली उचलली.

"अगं, घेतली ना मी," सुकदेव म्हणाला. "एकसारख्या दोन कशाला?"

तानुबाईने बाहुली पदराआड धरली आणि त्याच्या पुढून चालायला लागली.

"ती तुमनी," ती म्हणाली. "हाई मनी."